गाडीची स्क्रीन मीच बदलणार

मंगळवार, ४ तारीख

आज गाडीने माझी पार शोभा केली.

डॉक्टरीणबाईंकडे पडदे लावून निघाले आणि सिग्नलला उभी होते. एकटीच बडबडत होते, घरात बोलायला कोणी उरलं नाही की ही सवय लागते. "चार बोटं आखूड म्हणे! मापं घेताना मी काय झोपा काढत होते? तुझ्या भिंतीच वाकड्या, त्याला माझे पडदे काय करणार?" तेवढ्यात गाडीच्या स्पीकरमधून आवाज आला, "कोण बोलतंय? पडदेवाल्या बाई का?"

डॉक्टरीणबाईच. स्क्रीनने आपणहून त्यांना फोन लावला होता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, देवाशप्पथ.

गाडीतली ही स्क्रीन यांनी स्वतः बसवलेली. रेडिओ, फोन, मागचा कॅमेरा, सगळं तिच्यातच. हे होते तोवर गुणी बाळासारखी होती. हे गेले आणि हिला काय झालं कोण जाणे. कोणीतरी न दिसणारं बोट तिच्यावरून फिरवत असल्यासारखी करते. मधेच रेडिओ बोंबलतो. गाडी मागे घेताना कॅमेरा गायब होतो आणि बातम्या लागतात. खालच्या मजल्यावरची पार्लरवाली म्हणाली, "काकू, काकांचाच जीव अडकला असेल हो त्यात." मी म्हटलं, "त्यांचा जीव अडकला तर रंध्यात अडकेल. सुतार माणूस, रेडिओत कशाला जाईल?"

हसली ती. मग वर येऊन मी एकटीच चहा प्यायले.

गुरुवार, ६ तारीख

मुलाशी भांडण. मोठं.

टायरमध्ये हवा भरायला थांबले होते. इंजिन चालू, फोन सीटवर, मी बाहेर हवावाल्याशी बोलत उभी. एवढ्यात स्क्रीनने मुलाला फोन लावला. काचा बंद, मला काय कळणार? तो तिकडे "हॅलो, हॅलो, आई" करत राहिला आणि त्याला ऐकू आला नुसता हवेचा फुस्स आवाज. मी फोन गाडीतच ठेवून आरामात आणखी एक काम उरकून घरी आले, तर हा ऑफिस सोडून फाटकाशी उभा. शर्ट घामाने भिजलेला. गाडीतून उतरते न उतरते तोच ओरडायला लागला, "फोन लावलास आणि बोलली नाहीस! मग मी केला तो उचलता येत नाही तुला? किती वेळा केला!"

"उचलता येतो. पण मी केलाच नव्हता, गाडीने केला."

"मग ही गाडी विकून टाक."

आईने एक फोन उचलला नाही म्हणून चारचौघांत एवढा संताप? माणसाने इतकं तापट असू नये. यांच्या अंगात हे कधी नव्हतं. हे गेले तेव्हापासून हा फोनच्या बाबतीत असाच झालाय. हे त्या दुपारी वर्कशॉपमध्ये एकटेच होते आणि खिशात फोन वाजत होता. तोही याचाच फोन होता. पण त्याचा इथे काय संबंध?

शुक्रवार, ७ तारीख

संध्याकाळी धाकटे दीर आले. मुलानेच पाठवलेले, तोंडावरून कळत होतं. बूट काढायच्या आधीच सुरुवात, "वहिनी, माझ्या ओळखीत एक गिऱ्हाईक आहे. रविवारी येईल. दादाची गाडी चांगल्या घरी जाईल."

"भाऊजी, गाडी काय लग्नाची मुलगी आहे, चांगल्या घरी जायला? आणि दादाची कुठून आली? माझ्या पडद्यांवर घेतलीय ती."

"तसं नाही हो. पण ती स्क्रीन... दादा असता तर दोन मिनिटांत सरळ केली असती. त्याच्या हाताची सर कोणाला नाही."

हे मात्र खरं. यांनी बसवलेली खिडकी कधी अडली नाही, यांचं कपाट कधी कुरकुरलं नाही. मी मान डोलवली. भाऊजींना वाटलं मी कबूल झाले. जाताना म्हणाले, "मग रविवारचं ठरलं."

काही ठरलेलं नाही. ही गाडी गेली तर कापडाचे तागे आणि खांद्याएवढे रॉड मी काय डोक्यावर वाहून नेऊ? मग हळूहळू कामं कमी होणार, मग "आई, आता आमच्याकडेच ये", मग त्यांच्या घरातली ती मागची खोली. तिला खिडकी आहे, पण समोर भिंत. मी स्वतः माप घेतलंय तिचं.

शनिवार, ८ तारीख

गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार स्क्रीनकडे लांबूनच बघून म्हणाला, "ताई, वरची स्पर्शाची काच गेलीय. अख्खा सेट नवा टाका."

"नुसती काच मिळत नाही?"

"मिळते, पण बसवणार कोण? आम्ही नाही उघडत असले."

"मी उघडते."

तो आधी माझ्याकडे बघून हसला. मग मी हसत नाही हे बघून म्हणाला, "ताई, त्यात हात घालू नका. शॉर्ट झालं तर गाडी पेटेल."

घरी येऊन काच मागवली आणि मुलाला फोनवर तसं ठणकावून सांगितलं. पेटली तर पेटली. विकण्यापेक्षा बरी.

मंगळवार, ११ तारीख

रविवारी गिऱ्हाईक आलं नाही. त्याला म्हणे दुसरं काम निघालं. आता पुढच्या रविवारचं बोलतायत.

रोज दुपारी शिलाई थांबवून वाचते आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हा मला अक्षरं यायची, वाचता येत नव्हतं. वाचायला शिकले लग्नानंतर, ते यांचे खिळे-बिजागऱ्या ज्या रद्दीत बांधून यायचे ती रद्दी वाचून. कुठल्याही गोष्टीचं कधी पहिलं पान नसायचं, कधी शेवटचं. त्यामुळे अर्ध्यावर सुरू झालेलं काही वाचायला मला भीती वाटत नाही. आणि काच मागवल्यावर फोनवर आलेली ही सूचना अशीच आहे, बहुतेक यंत्राने भाषांतर केलेली. "कृपया रिबनला प्रेमाने मुक्त करणे." दोनदा वाचलं, मग चित्र बघितलं तेव्हा कळलं. रिबन म्हणजे पातळ चपटी तार, तिच्या टोकाला बारीक खटका, तो उचलल्याशिवाय ती ओढायची नाही.

एवढंच ना? शिवणीत लपणारी आंधळी चेन बसवण्यापेक्षा सोपं दिसतंय.

बुधवार, १२ तारीख

सूनबाईचा फोन. "आई, काच आली का? बॅटरीची तार आधी काढणार ना? रविवारीच करणार का?" किती प्रश्न! नवऱ्याला बातमी पुरवायची असणार. मी जेवढ्यास तेवढं सांगितलं. तर म्हणते, "तुम्ही घाई करू नका. गिऱ्हाईकाचं काही सांगता येत नाही."

घाई करू नका म्हणे. म्हणजे दोघांनी मिळून मला गाफील ठेवायचं ठरवलेलं दिसतंय.

शनिवार, १५ तारीख

काच आली. भरपूर स्पंजात गुंडाळून, चष्म्याच्या काचेसारखी हलकी. पार्लरवालीकडून केस वाळवायचं मशीन मागून ठेवलं. "काकू, सेटिंग करताय का?" म्हणाली. म्हटलं, "हो, गाडीचं."

उद्याचं गिऱ्हाईक परत रद्द. नशीब बरं चाललंय माझं.

रविवार, १६ तारीख

झालं. माझ्या हातांनी झालं.

सकाळी कोरडं, कडक ऊन. आधी बॅटरीची वजा तार काढली. मग स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट. दुमड पाडायची माझी गुळगुळीत पट्टी आहे, ती फटीत घालून हळूहळू फिरवली. प्रत्येक खटका सुटताना कट्ट असा आवाज आणि दर वेळी मी वाकून बघितलं. एकही मोडला नाही. मग स्क्रू, मग सेट बाहेर, मागून तारांचे गुच्छ. कुठली तार कुठे, त्याची खूण मी रंगीत दोऱ्यांच्या गाठी मारून ठेवली.

चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांत सागाच्या चार पातळ पट्ट्या निघाल्या. तासलेल्या, कागदासारख्या, एका बाजूला किंचित निमुळत्या. सूचनेत त्यांचं नाव नाही, चित्रातही नाहीत. यांच्या हातच्या, बघताक्षणी ओळखल्या. गाडी खड्ड्यातून जाताना काही खडखडलं की यांना चैन पडत नसे, म्हणून घट्ट बसवायला घातल्या असणार. हातात घेऊन जरा वेळ बसले. वास घेतला. मग पुसून जिथल्या तिथे ठेवल्या. यांनी घातल्यात म्हणजे विचार करूनच घातल्या असतील.

जुनी काच मशीनच्या गरम हवेने सुटली. नवी बसवली, रिबन प्रेमाने खटक्यात सरकवली. चौकट लावताना स्क्रू चांगले पिळून घट्ट केले, यांना आवडेल असे.

किल्ली फिरवली. स्क्रीन उजळली आणि गप्प राहिली. बोट लावलं तेवढंच ऐकलं. मी सीटवर बसल्या बसल्या टाळी वाजवली. वॉचमन बघत होता, बघू दे.

सोमवार, १७ तारीख

चालते! दिवसभर चालली. भाऊजींना मुद्दाम फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा," पण आवाजात वा नव्हतं.

गुरुवार, २० तारीख

काल गाडी धुतली. आज सकाळपासून दाट धुकं, दारं-खिडक्या ओल्या. गाडी सुरू केली आणि स्क्रीन परत वेडी झाली. आधीपेक्षा जास्त. रेडिओ, फोन, नकाशा, सगळं एकमेकांवर उड्या मारतंय. भर रस्त्यात भाऊजींनाच फोन लागला. त्यांना ऐकू आलं ते सगळं मी इथे लिहीत नाही.

भाऊजी हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "वहिनी, दादाचं काम दादालाच यायचं. आता हट्ट सोडा. रविवारी गिऱ्हाईक नक्की येतंय."

नवी काच घातली तरी हे होतं म्हणजे मी काहीतरी मोडलं. कुठे मोडलं? खटके आठवते, तारा आठवते, गाठी आठवते. सगळं सूचनेप्रमाणे केलं होतं.

शुक्रवार, २१ तारीख

शिवायला बसले. शिवण उसवली. परत शिवली.

शनिवार, २२ तारीख

सापडलं. रागारागाने लिहितेय.

सकाळी कपाटाचा खालचा खण ओढला तर अडला. ओल्या हवेत लाकूड फुगतं, हे या घरात कोणाला शिकवायला नको. गेल्या रविवारी तो सुळ्ळकन उघडत होता. खण अर्धवट उघडा, मी तशीच वाकलेली, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्क्रीन वेडी होते ती धुक्यात, पावसात, गाडी धुतल्यावर. उन्हात शहाणी असते.

तशीच खाली गेले, गाडी उघडली. या खेपेला चौकट काढायला वेळ लागला नाही. पट्ट्या बोटांनी निघेनात, चिमट्याने ओढाव्या लागल्या. फुगून काचेच्या कडेवर दाबून बसल्या होत्या. ते न दिसणारं बोट म्हणजे या पट्ट्या. त्या काढून किल्ली फिरवली, स्क्रीन शांत. एक परत आत सारून दाबली, लगेच रेडिओ बोंबलला. काढली, शांत.

म्हणजे काच कधी गेलीच नव्हती. चूक यांची होती. काच आणि प्लास्टिकच्या मधे लाकूड घालायची बुद्धी सुतारालाच व्हायची! आणि मी? मी त्या पट्ट्या पुसून, वास घेऊन परत बसवल्या. वर स्क्रू पिळले.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली. पावसाळी हवा झाली की हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीत जाऊन बसायचे. मी वरून हाक मारायचे, "अहो, काय करताय एवढा वेळ?" हे म्हणायचे, "जरा आवळतोय." आवळत नव्हते. सैल करत होते! म्हणजे यांना ठाऊक होतं. दर ओल्या हवेला सैल करायचं, कोरड्याला परत घट्ट करायचं, आणि बायकोला एका शब्दाने सांगायचं नाही. का, तर एवढ्या नावाजलेल्या हाताच्या माणसाचं काम चुकलं असं कोणी म्हणू नये.

मी ओरडले त्यांच्यावर. गाडीत बसून, काचा लावून, मोठ्याने. "सांगायला काय झालं होतं? मी काय गावभर दवंडी पिटणार होते? मागून मला किती बोलणी खावी लागली ठाऊक आहे?" पुष्कळ बोलले. मधे रडलेही, पण जास्त ओरडलेच. हे गेल्यापासून यांच्यावर चिडले नव्हते मी. सगळे येऊन त्यांचे गुण सांगत होते, मीही मान डोलवत होते. आज ते घरातले वाटले, जेवायला हाक मारली तरी न येणारे.

मग डोळे पुसून पडद्याच्या पट्टीखाली लावते तो मऊ नमदा कापला, काचेपासून लांब, फक्त बाजूच्या कडांना चिकटवला. आता खडखडणार नाही आणि दाबणारही नाही. हात फिरवून बघितला. चांगलं काम झालंय. यांच्यापेक्षा चांगलं.

रविवार, २३ तारीख

सकाळपासून झिमझिम. अशीच हवा हवी होती मला.

मुलगा आला, एकटाच, कपाळाला आठ्या. गिऱ्हाईक परत नाही. "त्याला कोणीतरी फोन करून सांगितलंय की गाडीचं इंजिन बसलंय. बाईचा आवाज होता म्हणे. तू केलास?"

"मी खोटं कशाला सांगू? मी त्याला सांगितलं असतं, इंजिन उत्तम आहे आणि गाडी विकायची नाही."

"मग कोणी केला?"

"मला काय ठाऊक? ज्या बाईने केला तिचं भलं होवो."

त्याला गाडीत बसवलं. त्याने स्क्रीन सगळीकडून दाबून बघितली, थोपटली, काच खाली करून ओली हवा आत घेतली. स्क्रीन शांत. "कोणी केलं?" "मी." "बिघाड काय होता?" मी खिशातून पट्ट्या काढून त्याच्या हातात दिल्या आणि सगळं सांगितलं.

"बाबांची चूक?" त्याला खरंच वाटेना.

"हो, बाबांची. आणि मग माझी, कारण मी ती नीट पुसून परत बसवली. काकालाही सांग. नाहीतर मीच सांगते."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. पण मग पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "आई, तरी विकूया. प्रश्न स्क्रीनचा नाहीच आहे."

"मग कशाचा आहे?"

त्याने पट्ट्या डॅशबोर्डवर ठेवल्या. "त्या दिवशी तुझा फोन लागला आणि पलीकडे नुसता हवेचा आवाज. मी हाका मारतोय आणि तू नाहीस. बाबांच्या वेळी नुसती रिंग वाजत राहिली होती. मला वाटलं, परत तेच."

मी याला तापट म्हणत होते. फाटकाशी उभा होता तेव्हाचा त्याचा भिजलेला शर्ट आठवला. त्याच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी तापात फिरवायचे तसा. पण किल्ली हातातून सोडली नाही.

"तू घाबरलास ते मला कळलं नाही, आता कळलं," मी म्हटलं. "पण तुला भीती वाटते म्हणून मी खिडकीसमोर भिंत असलेल्या खोलीत येऊन बसायचं, हे होणार नाही. भीती तुझी आहे, गाडी माझी आहे. एक दिवस मीही जाणार. गाडीत, नाहीतर मशीनवर, नाहीतर तुझ्या त्या खोलीत. फोन वाजत राहील. त्याला तूही काही करू शकत नाहीस आणि मीही नाही."

"असं बोलू नकोस."

"मग किल्ली मागू नकोस. सरक तिकडे आणि पट्टा लाव. नव्या घरात आलेल्या एका जोडप्याचे पडदे द्यायचेत."

रॉड मागच्या सीटवरून पुढे आलेले, त्याच्या कानाला टोचत होते. पहिल्या वळणावर त्याने पाय दाबला. मी म्हटलं, "तिथे ब्रेक नाही." दुसऱ्या वळणावर हात हँडब्रेककडे गेला, त्यावर चापट मारली. एका बसला मी मागे टाकलं तेव्हा त्याने डोळे मिटले. मग उघडले, मग हळूहळू बाहेर बघायला लागला. जोडप्याच्या घरी स्टुलावर चढून त्याने रॉड धरला, मी लावले. त्या मुलीने विचारलं, "काकू, मदतनीस ठेवला का?" म्हटलं, "मुलगा आहे. आजच्यापुरता."

परत येताना झिमझिम थांबलेली नव्हती. रेडिओ बारीक लावला होता. बघते तर हा मान टाकून झोपलेला, तोंड उघडं. माझ्या गाडीत, मी चालवत असताना. घराशी आल्यावरही उठवलं नाही. इंजिन बंद करून थोडा वेळ तशीच बसले.

तो गेल्यावर रात्रीच्या जेवणाआधी सूनबाईचा फोन आला. "आई, हे म्हणतायत गाडी राहू दे. खरंच राहतेय ना?"

"राहतेय."

"हुश्श!" एवढ्या जोरात केलं की माझ्या कानात वारं गेलं. मग म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात मी एकटीच येते तुमच्याकडे. मला शेजारी बसवून फिरवाल?" आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला.

हिला कसलं एवढं हुश्श? काच मी बदलली, पट्ट्या मी काढल्या, बोलणी मी खाल्ली. या मुलीचं काही कळत नाही मला. पण ये म्हणून सांगते उद्या. आली तर स्टिअरिंगवरच बसवीन.